खासगी महाविद्यालयांचा साहाय्यक निधी आणि त्याचा पगारी चिटणीस

उत्तर कोकणच्या या किनाऱ्यावर वसई रोड, नालासोपारा आणि विरार या स्थानकांभोवती जी वस्ती गेल्या चार-पाच दशकांत वाढत गेली आणि २०११ च्या जनगणनेत जिची गणना बारा लाखांच्या वर झाली, तिच्या उच्च शिक्षणाचा भार मुख्यत्वेकरून खासगी विश्वस्त संस्थांनीच उचललेला आहे. विद्यावर्धिनी संस्थेने १९७१ मध्ये वसई रोड येथे काढलेल्या महाविद्यालयाच्या कला शाखेला अण्णासाहेब वर्तकांचे, वाणिज्य शाखेला केदारनाथ मल्होत्रांचे आणि विज्ञान शाखेला ई. एस. आंद्रादेस यांचे नाव आहे. त्याच संस्थेचे अभियांत्रिकी महाविद्यालय १९९४ पासून चालू आहे. विरारला विष्णू वामन ठाकूर धर्मादाय न्यासाचे विवा महाविद्यालय आहे. आणि वसईत जन्मून १५९७ मध्ये नागासाकी येथे हुतात्मा झालेल्या संताचे नाव धारण करणारे संत गोन्सालो गार्सिया महाविद्यालयही याच भूमीत उभे आहे. अशा महाविद्यालयांतील अनुदानित पदांचे वेतन शासन देते खरे; परंतु नव्या काळाने मागितलेले बहुतेक अभ्यासक्रम विनाअनुदानित तत्त्वावर निघाले असल्यामुळे त्यांचे शिक्षक, त्यांच्या प्रयोगशाळा आणि त्यांची ग्रंथालये यांचा खर्च अखेरीस विद्यार्थ्यांच्या शुल्कावरच येऊन पडतो, आणि जो विद्यार्थी ते शुल्क देऊ शकत नाही त्याच्यासाठी दार अर्धेच उघडे राहते.

ही उणीव भरून काढण्यासाठी स्वतः कोणतेही महाविद्यालय न चालविता अनेक महाविद्यालयांकरिता देणग्या मिळवून त्या नियमाने वाटणारा एखादा सामाईक निधी असावा, ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत १९४४ मध्ये टस्कीगी या शिक्षणसंस्थेच्या फ्रेडरिक पॅटरसन यांच्या पुढाकाराने कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या सत्तावीस खासगी महाविद्यालयांनी एकत्र येऊन आपला संयुक्त निधी स्थापिला. आणि १९४८ मध्ये इंडियाना राज्यातील वॉबॅश महाविद्यालयाचे अध्यक्ष फ्रँक स्पार्क्स व अर्लहॅमचे अध्यक्ष टॉमस जोन्स यांनी, एरवी ज्या देणगीदारांच्या दारी एकमेकांचे प्रतिस्पर्धी म्हणून जावयाचे त्यांच्याच दारी सर्वांच्या वतीने जोडीने जाण्यास प्रारंभ केला. जमलेल्या रकमेचा काही हिस्सा सर्वांना समान आणि काही हिस्सा विद्यार्थिसंख्येच्या प्रमाणात वाटावा, ही पद्धत तेथील अशा निधींत रूढ झाली. वसई-विरारमध्ये किंवा पालघर जिल्ह्यात अन्यत्र असा निधी काढण्याचा, अथवा काढलेला नीट चालविण्याचा विचार ज्यांच्या मनात असेल, त्या विश्वस्तांसाठी आणि विशेषेकरून ज्याच्या हाती त्या निधीचे दप्तर जावयाचे त्या पगारी चिटणिसासाठी हा लेख आहे. त्याला कोणी कार्यकारी संचालक म्हणेल, कोणी व्यवस्थापक म्हणेल, काम एकच. आणि माझे मत असे की, अशा निधीचे यशापयश जमलेल्या रकमेपेक्षा या एका माणसाला विश्वस्तांनी कोणता अखत्यार दिला आणि त्याने तो कसा वापरला, यावरच अधिक अवलंबून असते.

सर्वांत आधी करावयाची गोष्ट ही की, वाटपाचा नियम पहिली देणगी हाती येण्यापूर्वी लेखी ठरवावा. पैसा आल्यानंतर नियम करू लागले म्हणजे प्रत्येकाला आपल्या महाविद्यालयाची गरज सर्वांत निकडीची दिसू लागते, आणि ते स्वाभाविकही आहे. कारण प्राचार्याने आपल्या विद्यार्थ्यांसाठी भांडावे, हे त्याचे कर्तव्यच होय. परंतु वसईसारख्या ठिकाणी, जेथे देणगीदार, विश्वस्त, प्राचार्य आणि नगरसेवक हे एकमेकांचे सोयरे, शेजारी, एकाच चर्चचे किंवा एकाच ज्ञातिसंस्थेचे सभासद असतात आणि लग्नकार्यात, सणात, सहकारी बँकेच्या वार्षिक सभेत पुन्हा पुन्हा भेटतात, तेथे नियम नसलेल्या निधीत प्रत्येक निर्णय हा कोणाच्या तरी आप्ताच्या बाजूने किंवा विरुद्ध झाला असे लोकांना वाटल्यावाचून राहत नाही. निर्णय योग्य असला तरी संशय उरतोच, आणि संशय उरला की पुढच्या वर्षीची देणगी आटते.

म्हणून नियम करणे हे विश्वस्तांचे काम आणि नियम राखणे हे चिटणिसाचे काम, अशी स्पष्ट विभागणी असावी. समजा, वर्षाकाठी चाळीस लाख रुपये वाटावयाचे आहेत. त्यांपैकी किती रक्कम विद्यार्थ्यांच्या शुल्कासाठी, किती ग्रंथालय-प्रयोगशाळांसाठी आणि किती शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी; महाविद्यालयांमध्ये वाटणी करताना समान हिस्सा किती आणि विद्यार्थिसंख्येचा हिस्सा किती; कुटुंबाचे उत्पन्न कोणत्या दाखल्यावरून धरावयाचे; अर्जाची मुदत कोणती, आणि मुदतीनंतर आलेल्या अर्जाचे काय करावयाचे, हे सर्व विश्वस्तमंडळाने ठरावाने मंजूर करून कार्यवृत्तात नोंदवावे आणि प्रत्येक महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर लावावे. त्यानंतर एखाद्या विश्वस्ताने दूरध्वनी करून अमुक विद्यार्थ्याचे काम करून टाका असे सांगितले, तर चिटणिसाने आदराने, परंतु निःसंदिग्ध शब्दांत, तो अर्ज नियमाप्रमाणे समितीपुढे जाईल असे उत्तर द्यावे. आणि असे उत्तर दिल्याबद्दल त्याला कोणी जाब विचारणार नाही, हा ठरावही विश्वस्तांनी त्याच बैठकीत करून ठेवावा. ज्या विश्वस्ताचा एखाद्या महाविद्यालयाच्या व्यवस्थापनाशी किंवा अर्जदाराशी संबंध असेल त्याने तो संबंध लेखी कळवून त्या विषयापुरते बैठकीतून उठून जावे, हा शिरस्ता पहिल्या वर्षापासून पाडला तर पुढे कोणाला तो अपमानास्पद वाटत नाही. पाच वर्षांनी प्रथमच पाडू गेल्यास मात्र जो पहिला उठून जाईल त्याला ते कायमचे सलते.

चिटणिसाच्या पगाराविषयी आपल्याकडे एक मोठा गैरसमज रूढ आहे, आणि त्याचे मूळ एका उज्ज्वल इतिहासात आहे. पुण्यात १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि १८८५ च्या आरंभी फर्ग्युसन महाविद्यालय उघडले, तेव्हा तिच्या आजीव सदस्यांनी अल्प वेतनावर आयुष्याची ऐन उमेदीची वर्षे देण्याची प्रतिज्ञा केली. गोपाळ कृष्ण गोखले यांनी दरमहा पंचाहत्तर रुपयांवर जवळजवळ वीस वर्षे सेवा करून ती पाळली. त्याच संस्थेत महादेव बल्लाळ नामजोशी यांनी संस्थानिकांकडे आणि सरकारदरबारी खेपा घालून पैसा व पाठबळ मिळविले, आणि इमारतीच्या वर्गणीसाठी स्वतः गोखले गावोगाव हिंडले. या त्यागाचे स्मरण ठेवून आजही अनेक विश्वस्त म्हणतात की, शिक्षणाच्या कामात पगाराची भाषा कशाला? परंतु ते एक गोष्ट विसरतात. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य हे स्वतःच संस्थेचे चालक होते. त्याग त्यांनी स्वतःवर लादून घेतला होता, दुसऱ्या कोणी त्यांच्यावर लादला नव्हता. ज्याला संस्थेच्या धोरणात मत नाही आणि ज्याची नेमणूक विश्वस्तांच्या मर्जीवर आहे, त्या नोकराकडून मालकीहक्काशिवाय मालकाचा त्याग मागणे हा उघड अन्याय आहे. शिवाय, आजीव सदस्यांनी बाहेरचे काम करून मिळकत करावी की नाही, या प्रश्नावरून उत्पन्न झालेले मतभेद विकोपाला जाऊन १८९० मध्ये लोकमान्य टिळकांनी त्याच संस्थेचा राजीनामा दिला, हाही त्याच इतिहासाचा भाग आहे. इतक्या थोर माणसांतही जो प्रश्न मनांवर सोडून सुटला नाही, तो आपल्या मध्यम कुवतीच्या संस्थांनी लेखी नियमानेच सोडवावा. चिटणिसाच्या नेमणूकपत्रात वेतन, वार्षिक वाढ, भविष्यनिर्वाह निधी, रजा, मुदत आणि बाहेरची कामे घेण्याविषयीचे बंधन, हे सर्व तपशीलवार लिहिलेले असावे; आणि वेतन इतके असावे की, वसई-विरारमध्ये घरभाडे आणि मुलांचे शिक्षण भागवून त्या गृहस्थाला वा त्या भगिनीला सायंकाळी दुसरी नोकरी शोधावी लागू नये.

व्यवस्थापनावर खर्च होता कामा नये, अशी देणगीदारांची अपेक्षा असते, आणि ती त्यांच्या दृष्टीने समजण्यासारखी आहे. तिच्यावर उपाय एकच: कार्यालयाच्या खर्चाकरिता विश्वस्तांनी आपसांत किंवा दोन-तीन जाणत्या देणगीदारांकडून स्वतंत्र रक्कम उभी करावी आणि सर्वसाधारण देणगीदाराला, तुमचा रुपया संपूर्णपणे महाविद्यालयाकडे जातो, असे ताळेबंद दाखवून सांगता यावे. ज्या जाणत्या देणगीदारांकडे यासाठी जावयाचे त्यांना चिटणिसाने खरी गोष्ट उघड सांगावी की, हिशेबनिसाशिवाय हिशेब राहत नाही आणि हिशेबाशिवाय निधी राहत नाही. वसईच्या लोकांना हे पटवून देणे कठीण नाही. बॅसीन कॅथॉलिक सहकारी बँक येथे १९१८ पासून चालत आली आहे, आणि एकमेकांचा पैसा नेकीने सांभाळण्याची शिस्त या तालुक्याच्या चांगली परिचयाची आहे.

आता दप्तराविषयी. हा भाग रुक्ष वाटला तरी निधीची अब्रू येथेच राखली जाते किंवा घालविली जाते, म्हणून वाचकांनी तो सावकाश वाचावा. आपला निधी महाराष्ट्र सार्वजनिक न्यास अधिनियमाखाली, जो १९५० चा मुंबई सार्वजनिक न्यास अधिनियम म्हणून जुन्या मंडळींना ठाऊक आहे, त्याखाली नोंदविलेला असेल. विश्वस्त बदलला, कार्यालयाचा पत्ता बदलला किंवा मिळकतीत भर पडली, तर बदल घडल्यापासून नव्वद दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयाकडे बदल अर्ज गेला पाहिजे. विश्वस्त दिवंगत झाला, त्याच्या जागी नवा आला, आणि दहा वर्षे कोणी बदल अर्जच केला नाही, अशी अवस्था आपल्या जिल्ह्यात काही दुर्मीळ नाही. आणि मग जेव्हा एखादी मोठी कंपनी कागदपत्रे मागते, तेव्हा कागदावर असलेले विश्वस्त आणि खुर्चीवर बसलेले विश्वस्त यांची नावे जुळत नाहीत. न्यासाची स्थावर मिळकत विकावयाची किंवा बिगरशेती जमीन वा इमारत तीन वर्षांहून अधिक मुदतीने भाड्याने द्यावयाची, तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. वसईत जमिनीला आज जो भाव आहे तो पाहता, कोणी एखादी वाडी निधीला दान दिली तर ती सांभाळण्याची जबाबदारी रोख रकमेपेक्षा किती तरी अवघड ठरते, हे चिटणिसाने दानपत्राच्या मसुद्यावर सही होण्यापूर्वी विश्वस्तांच्या नजरेस आणावे.

आयकराच्या बाबतीत तीन गोष्टी साहाय्यक निधीला विशेष लागू पडतात. एक अशी की, दोन हजार रुपयांपेक्षा अधिक रोख देणगीवर देणगीदाराला करसवलत मिळत नाही. म्हणून धनादेश किंवा बँकेमार्फत रक्कम घ्यावी आणि दात्याचा पॅन क्रमांक पावतीच्या वेळीच लिहून घ्यावा, वर्षअखेरीस धावाधाव करू नये. दुसरी अशी की, २०२३ च्या वित्त अधिनियमाने केलेल्या बदलानुसार एका धर्मादाय न्यासाने दुसऱ्या न्यासाला दिलेल्या देणगीपैकी ८५ टक्केच रक्कम ही कार्यावर झालेला खर्च म्हणून धरली जाते. ज्या निधीचे मुख्य कामच महाविद्यालय चालविणाऱ्या संस्थांना पैसा देणे हे आहे, त्याला हा नियम दरवर्षी हिशेबात धरावा लागतो. तिसरी गोष्ट अशी की, दुसऱ्या संस्थेच्या कायम निधीसाठी म्हणून दिलेली रक्कम तर खर्चात मुळीच धरली जात नाही. म्हणून शक्य तेथे शिष्यवृत्तीसारखी कामे निधीने स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या खात्यातून थेट करावीत, हा माझा आग्रहाचा सल्ला आहे. कायदा बदलत असतो. त्यामुळे चिटणिसाने प्रत्येक आर्थिक वर्षाच्या प्रारंभी सनदी लेखापालाबरोबर बसून त्या वर्षाचे नियम लेखी मागून घ्यावेत आणि ते टिपण दप्तरात ठेवावे.

वसईच्या घराघरांतली माणसे आखातात, युरोपात, कॅनडात आणि ऑस्ट्रेलियात गेलेली आहेत, आणि आपल्या गावातील मुलांसाठी काही द्यावे अशी इच्छा त्यांच्या मनात असते. येथे चिटणिसाने अत्यंत सावध राहिले पाहिजे. परदेशात राहणारा परंतु भारतीय नागरिकत्व कायम असलेला गृहस्थ आपल्या स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँकमार्गाने रक्कम पाठवितो, ती कायद्याच्या दृष्टीने विदेशी देणगी ठरत नाही. परंतु ज्याने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले, तो मूळचा भुईगावचा असो की नंदाखालचा असो, त्याची देणगी विदेशी ठरते. आणि ती घेण्यास २०१० च्या विदेशी अंशदान नियमन अधिनियमाखालील नोंदणी किंवा पूर्वपरवानगी आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील नेमून दिलेले खाते लागते. २०२० च्या दुरुस्तीने असा पैसा दुसऱ्या संस्थेकडे वर्ग करण्यास सर्वथा मनाई झाली आहे, आणि त्यातून व्यवस्थापनावर वीस टक्क्यांपेक्षा अधिक खर्च करता येत नाही. म्हणजेच ज्या निधीचा सर्व व्यवहार घेऊन पुढे देणे एवढाच आहे, त्याच्यासाठी विदेशी देणगीचा मार्ग जवळजवळ बंद आहे. सुट्टीवर आलेल्या पाहुण्याने प्रेमाने पुढे केलेले पाकीट नाकारणे जड जाते. पण ते नाकारावेच, आणि आपल्या भारतीय नागरिक असलेल्या भावामार्फत स्वतंत्रपणे काय करावे ते त्याचे त्याने ठरवावे, असेही सुचविणे चिटणिसाने टाळावे, कारण आडमार्ग दाखविणारा कारभारी उद्या स्वतः त्याच मार्गावर सापडतो.

देणगीविषयी आणखी एक बाब स्पष्टपणे सांगितली पाहिजे. महाराष्ट्रात १९८७ पासून शैक्षणिक संस्थांनी प्रवेशाच्या बदल्यात देणगी घेणे हा गुन्हा आहे. निधी हा महाविद्यालयाहून वेगळा न्यास असला तरी, प्रवेशाच्या हंगामात एखाद्या पालकाची रक्कम निधीच्या पावतीवर घेतली गेली आणि त्याच्या पाल्याला त्याच महाविद्यालयात जागा मिळाली, तर त्या पावतीचा अर्थ कोणालाही लावता येईल. सबब, ज्या वर्षी ज्याचे मूल प्रवेशार्थी आहे त्याच्याकडून त्या वर्षी देणगी घेऊ नये, असा सरळ नियम करून टाकावा.

मोठ्या दानाबरोबर अटी येतात, आणि अटी येणे यात गैर काही नाही. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ मध्ये सुरू केलेल्या महिला विद्यापीठाला १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाख रुपयांचे दान दिले, तेव्हा विद्यापीठाला दात्याच्या मातोश्रींचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे, नाव देण्यात आले. साडेतीन टक्क्यांच्या हिशेबाने वर्षाला साडेबावन्न हजारांचे उत्पन्न देणारे ते दान त्या संस्थेचा आधारस्तंभ ठरले. दानाची अट पुढील पिढ्यांनाही बांधते, हे ध्यानी घेऊन चिटणिसाने प्रत्येक मोठ्या देणगीच्या अटींचा मसुदा विश्वस्तांच्या पूर्ण बैठकीत शब्दशः वाचून दाखवावा. ज्या महाविद्यालयावर त्या अटींचा परिणाम व्हावयाचा त्याच्या प्राचार्यांना आधी विचारावे. आणि जी अट दहा वर्षांनी पाळणे अशक्य होईल असे दिसते ती आजच नम्रपणे बदलून मागावी. नाव देण्याची अट सोपी असते. विशिष्ट ज्ञातीच्या किंवा विशिष्ट गावाच्या विद्यार्थ्यांपुरतीच शिष्यवृत्ती ठेवण्याची अट अवघड असते, कारण एखाद्या वर्षी तसा पात्र विद्यार्थीच मिळत नाही आणि रक्कम खात्यात पडून राहते. पात्र विद्यार्थी न मिळाल्यास ती रक्कम सर्वसाधारण शिष्यवृत्तीकडे वळविता येईल, एवढे एक वाक्य दानपत्रात घालून घेतले म्हणजे पुष्कळ पुढचा त्रास वाचतो.

कंपन्यांकडे जाताना आपल्या परिसराची आर्थिक रचना ध्यानात घ्यावी. २०१३ च्या कंपनी अधिनियमाने सामाजिक दायित्वाचा दोन टक्क्यांचा नियम ज्यांना लागू केला, त्यांच्यासाठी पाचशे कोटींचे निव्वळ मूल्य, हजार कोटींची उलाढाल किंवा पाच कोटींचा निव्वळ नफा, यांपैकी एक तरी कसोटी लागते. वसई पूर्वेच्या वालिव, सातिवली, गोखिवरे या भागांतील बहुसंख्य कारखाने लहान आहेत. त्यांच्या मालकांकडे दायित्वाच्या नियमाचा हवाला देऊन जाण्यात अर्थ नाही. त्यांच्याकडे, तुमच्या कारखान्यात हिशेब, संगणक आणि यंत्रदेखभाल सांभाळणारी मुले याच महाविद्यालयांतून येतात, तेव्हा दोन विद्यार्थ्यांचे एका वर्षाचे शुल्क भरा, अशी नेमकी आणि पेलणारी विनंती घेऊन जावे. मोठ्या कंपन्यांकडे जावयाचे असल्यास २०२१ पासून कंपनी खात्याकडे अंमलबजावणी करणारी संस्था म्हणून नोंदणी आवश्यक झाली आहे, ती आधी करून घ्यावी.

विद्यार्थ्यापर्यंत पैसा कोणत्या महिन्यात पोहोचतो, या प्रश्नाकडे आपल्या निधींचे फारच थोडे लक्ष जाते, आणि माझ्या मते साहाय्याचा खरा कस येथे लागतो. वाडा, विक्रमगड, जव्हारकडून आलेला, वसतिगृहात किंवा नातलगाच्या खोलीवर राहणारा विद्यार्थी, अथवा नालासोपाऱ्याच्या चाळीतून येणारी, जिची आई घरकाम करते अशी विद्यार्थिनी, यांना शासनाची शिष्यवृत्ती कागदोपत्री मंजूर असते. परंतु महाडीबीटीवरून येणारा हप्ता अनेकदा सत्र उलटून गेल्यावर हाती पडतो, आणि महाविद्यालयाचे शुल्क, परीक्षा अर्ज, रेल्वेचा पास व पुस्तके यांचा खर्च मात्र जून-जुलैतच उभा राहतो. समारंभपूर्वक जानेवारीत वाटलेला धनादेश अशा विद्यार्थ्याच्या उपयोगी पडत नाही; तोपर्यंत त्याने एक तर कर्ज काढलेले असते किंवा नाव काढून घेतलेले असते. म्हणून निधीने आपल्या रकमेचा एक भाग केवळ मधल्या काळातील आगाऊ साहाय्यासाठी राखून ठेवावा. महाविद्यालयाने विद्यार्थ्याच्या शासकीय अर्जाचा क्रमांक कळविला की निधीने ते शुल्क महाविद्यालयाकडे थेट भरावे, आणि शासनाचा हप्ता आल्यावर ती रक्कम परत यावी. यात काही रक्कम बुडेल, हे गृहीत धरूनच तरतूद करावी. बुडालेल्या रकमेचा हिशेब निराळा दाखवावा, लपवू नये. तो आकडा विश्वस्तांना दरवर्षी दिसत राहिला म्हणजे योजना सावधपणे चालते आणि तरीही बंद पडत नाही.

हे काम कार्यालयात बसून होत नाही. निधीकडे निदान एक असा सेवक हवा, जो महाविद्यालयांच्या लेखनिकांना, वसतिगृहाच्या अधीक्षकांना आणि विद्यार्थ्यांच्या पालकांना प्रत्यक्ष भेटतो. शुल्क न भरल्याने कोणाचा परीक्षा अर्ज अडला आहे, हे प्राचार्यांच्या आधी खिडकीवरच्या लेखनिकाला समजते; त्या लेखनिकाशी ज्या निधीचे संबंध चांगले, त्या निधीला गरजू विद्यार्थी शोधावे लागत नाहीत. हा सेवक त्याच परिसरातील, शक्य तर अशाच साहाय्यावर शिकलेला असावा. आपल्या जिल्ह्याच्या पूर्व भागातील वारली कुटुंबांत जाऊन बोलणारा माणूस त्यांच्या बोलीचा परिचय असणारा असला, तर दाखल्यांचे निम्मे प्रश्न एका भेटीत सुटतात. चिटणिसाने त्याला वारंवार कार्यालयात बोलावून अहवाल लिहिण्यास बसवू नये. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, हिशेबनीस आणि तो सेवक यांना एकत्र घेऊन कोणते अर्ज कोठे अडले एवढेच पाहावे आणि अडलेला प्रत्येक अर्ज कोणी कोणत्या दिवसापर्यंत सोडवावयाचा, हे तेथेच लिहून टाकावे.

महाविद्यालयांशी वागताना चिटणिसाने तपासनीस होऊ नये. विद्यापीठ, शासन आणि नॅक यांना माहिती पुरविण्यात प्राचार्यांचा आणि अध्यापकांचा पुष्कळ वेळ आधीच जातो; त्यांनी नॅकसाठी किंवा लेखापरीक्षणासाठी जी माहिती तयार केलीच आहे तीच निधीने स्वीकारावी, आणि निराळी मागावयाची तर एका पानाच्या पलीकडे मागू नये. तथापि त्या एका पानाविषयी तडजोड करू नये: किती विद्यार्थ्यांना साहाय्य मिळाले, त्यांपैकी किती जण पुढील वर्षात गेले, आणि रक्कम कोणत्या तारखेस जमा झाली. हे पान ज्या महाविद्यालयाकडून येणार नाही त्याचा पुढील हप्ता थांबावा, मग ते महाविद्यालय कितीही जुने आणि त्याचे विश्वस्त कितीही वजनदार असोत. एका महाविद्यालयाला मिळालेली सवलत दुसऱ्याला आठवडाभरात कळते, आणि मग कोणाकडूनच हिशेब मागण्याचा नैतिक अधिकार निधीपाशी उरत नाही. अशा प्रसंगी चिटणिसाची बाजू उघडपणे घेणे हे अध्यक्षांचे काम आहे; ते त्यांनी त्याच्यावर एकट्यावर सोपवू नये.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९४७ मध्ये साताऱ्यात तिचे पहिले महाविद्यालय निघाले, तेव्हा विद्यार्थ्याने श्रम करून शिकावे हे तत्त्व त्यांनी तेथे रुजविले. आजच्या निधीनेही विद्यार्थ्याला याचक न करता काही काम द्यावे, असे मला मनापासून वाटते. निधीच्या कार्यालयातच कागदपत्रे संगणकावर चढविणे, नव्या अर्जदारांना उत्पन्नाचे आणि जातीचे दाखले कसे काढावेत हे समजावणे, ही कामे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मानधन देऊन सोपवावीत. अशा विद्यार्थ्यांतूनच पाच-सात वर्षांनी निधीचा पुढचा हिशेबनीस किंवा पुढचा चिटणीस तयार होतो, आणि उत्तराधिकाऱ्याची चिंता आपोआप हलकी होते. कोणत्याही चिटणिसाने, आपण आजारी पडलो तर महिनाभर कार्यालय कोण चालवील, या प्रश्नाचे उत्तर नेमणुकीच्या पहिल्या वर्षातच तयार ठेवावे: बँकेच्या सह्या, संकेतशब्द, धर्मादाय कार्यालयातील प्रकरणांचे क्रमांक, देणगीदारांचे पत्ते आणि चालू आश्वासने यांची यादी अध्यक्षांच्या कपाटात मोहोरबंद असावी आणि दर सहा महिन्यांनी नवी व्हावी.

महाविद्यालयांचे प्रवेश जूनमध्ये सुरू होतात. ज्या विश्वस्तांना या वर्षी असा निधी खरोखर चालवावयाचा आहे, त्यांनी मार्चअखेरपूर्वी एक पूर्ण दिवस काढून एकत्र बसावे, वाटपाचा नियम आणि चिटणिसाचे नेमणूकपत्र यांचे मसुदे त्याच बैठकीत अक्षर न् अक्षर पक्के करावेत, आणि देणगीसाठी पहिल्या माणसाच्या दारी जाण्यापूर्वी ते दोन्ही कागद आपल्या सर्व महाविद्यालयांच्या प्राचार्यांकडे पाठवून द्यावेत.